फितीत उरलेली रात्र

"त्र्याऐंशी सालची विंचवाची रात्र आठवते का हो?"

पैठणात चार जुनी माणसे बसलेली असावीत आणि कोणी हा प्रश्न टाकावा. हातातला चहा निवलाच म्हणून समजा! एक म्हणतात, भारुडकरी घोंगडी पांघरून आला होता. दुसरे म्हणतात, छे हो, फाटके लुगडे! तिसरे तर पहाटे पाऊस आल्याचे शपथेवर सांगतात. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत : तसे भारूड पुन्हा झाले नाही.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीपासून तीन दिवस पैठणात दिंड्यांची दाटी होते. गावातल्या नाथवाड्यापासून नदीकाठच्या समाधिमंदिरापर्यंत टाळमृदंगाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू असे लोकांच्या रोजच्या पाहण्यातले विषय घेऊन नाथांनी शेकडो भारुडे रचली. छापील पानावर भारूड म्हणजे थोडी कडवी. पण कसलेला भारुडकरी तेच तासभर रंगवतो. समोरच्या सावकाराला चिमटा काढतो, पेंगणाऱ्याला उठवतो, हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणतो. हे सारे त्या रात्रीचे. पुस्तकात ते सापडायचे नाही.

तबकडीतही नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात विंचू चढायचा केव्हा आणि उतरायचा केव्हा? १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली आणि पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली, तेव्हा कुठे हौशी माणसाची सोय झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर पाऊण तास बसतो.

आमचे पैठणचे मामा अशाच हौशी मंडळींपैकी. त्या रात्री सेलवरचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ते अगदी पुढे बसले होते. पुढे ती कॅसेट कोणी ऐकायला नेली, त्याच्याकडून आणखी कोणी नेली, आणि मामा गेल्यावर तर विचारायलाही कोणी उरले नाही. आम्ही शोध सुरू केला. एका घरी 'भारूड' अशी चिठ्ठी लावलेली कॅसेट निघाली. मोठ्या आशेने लावली, तो लग्नाचा बँड! कॅसेटच्या मागच्या दोन बारीक पट्ट्या मोडून टाकल्या, की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. तेवढे न केल्यामुळे कितीतरी कीर्तने अशी वरातीखाली गाडली गेली आहेत.

अखेर शेवगावला, एका मावसबहिणीच्या माळ्यावर, पापडाच्या डब्यात ती सापडली.

सगळी मंडळी जमली. आधी नुसती खरखर, मग मृदंग, आणि एकदम कोणी खोकले. मामी चटकन म्हणाल्या, "हे ह्यांचेच!" आणि पदर डोळ्यांना लावून पुन्हा ऐकू लागल्या. भारूड रंगात आले तेव्हा गर्दीतून आवाज आला, "बुवा, पदर सांभाळा!" लुगडेवाल्यांनी मांडीवर थाप मारली; घोंगडीवाले गप्प झाले. पुढे पुढे बुवांचा आवाज बारीक आणि घाईचा होत गेला. सेल उतरत आल्यामुळे भरताना यंत्र मंदावले होते. तीच फीत नेहमीच्या वेगाने वाजवली, की स्वर असा वर चढतो. संगणकावर हा दोष बराचसा दुरुस्त करता येतो. पण ऐन उताऱ्याच्या जागी 'टक्' झाले आणि फीत संपली!

ही धडपड केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतल्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाने तर १९८४ पासून मैफिली टिपणाऱ्या चाहत्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. कॉर्नेल विद्यापीठातल्या त्यांच्या ८ मे १९७७ च्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण आज तेथील राष्ट्रीय ठेव्यात जतन झाले आहे. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या गाण्यांच्या फितीही रसिक असेच धुंडाळतात. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरच्या ध्वनिवर्धकांना बंदी आली. ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. झोपमोड टळली हे बरेच झाले. पण त्या पहाटा ज्या फितींत उरल्या, त्यांचे मोल वाढले.

आणि फितीचेही आयुष्य मोजकेच. दमटपणाने तिला बुरशी धरते, लेप सुटतो. तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एखादी कॅसेट निघाली, तर ती टाकू नका आणि घाईने लावूही नका. बुरशी दिसली तर जाणकाराला दाखवा. आधी त्या दोन पट्ट्या मोडा. चांगल्या, स्वच्छ यंत्रावर एकदा लावून संगणकात उतरवून घ्या. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. साल, गाव आणि बुवांचे नाव चिठ्ठीवर लिहा. आमच्या कॅसेटवर ते नाव नाही, आणि आता ते कोणालाच आठवत नाही.

त्या दिवशी फीत संपल्यावर क्षणभर कोणीच बोलले नाही. मग लुगडेवाल्या आजोबांनी गुडघ्यावर ताल धरला आणि पुढचे कडवे उचलले. "चूक! बुवांनी इथे पुन्हा धृपद घेतले होते," घोंगडीवाले म्हणाले आणि त्यांनी आपले सुरू केले. भाच्याने हळूच मोबाइल पुढे सरकवला होता. ते भांडणही आता आमच्यापाशी आहे, नावनिशीसह.