जुळ्यांचे जनुक फलटणच्या कळपात

एखादे जनुक काय काम करते हे शोधायची अलीकडची ठरलेली रीत म्हणजे उंदरात ते बंद पाडायचे आणि काय बिघडते ते पाहायचे. असे ‘नॉकआउट’ उंदीर पहिल्यांदा १९८९ मध्ये जन्मले. त्यामागच्या कामासाठी मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल मिळाले. बीएमपीआर-वन-बी या जनुकाची पाळी २००० च्या सुमारास आली. ते बंद होताच उंदरांच्या बोटांची हाडे नीट घडेनात, आणि माद्या वांझ निघाल्या.

पण २००१ मध्ये मेंढ्यांचा अभ्यास करणाऱ्या तीन वेगवेगळ्या गटांना नेमक्या याच जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. तो फरक असलेल्या मेंढ्या वांझ तर नव्हत्याच, उलट त्यांना जुळी-तिळी होत होती. बंद पाडल्याने जनुक लागते कशाला ते कळते. किंचित बदलल्यावर ते काय करील, हे मात्र उंदराने सांगितले नव्हते.

तसली मेंढरे सातारा जिल्ह्यात फलटणला आहेत. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे उद्योग बरेच: करडई, गोड ज्वारी, सुधारित कंदील. मेंढ्यांचा विभाग चंदा निंबकर यांनी वाढवला. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरला नाही, धनगराचे पोट मांसावर चालते. म्हणजे वर्षाला एखादे कोकरू जास्त मिळाले तर तीच खरी वाढ. संस्थेने त्यासाठी सुंदरबनातून गारोळ मेंढ्या आणल्या. चिखलपाण्यात उभी राहून चरणारी, जेमतेम दहा-पंधरा किलोची ही मेंढी जुळी सहज देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची मेंढरे जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली होती. तिथल्या बहुप्रसवा ‘बुरूला’ मेंढ्यांतले हे बदललेले जनुक बंगालातूनच आले असावे, असा अंदाज होता. २००२ मध्ये गारोळातही तोच बदल सापडला आणि त्या अंदाजाला बळ मिळाले.

आता अडचण अशी की गारोळ अंगाने एवढीशी. हवे फक्त एक जनुक, देह दख्खनीचाच. म्हणून संकर करायचा, पैदास परत दख्खनीशी जुळवायची, पुन्हा जुळवायची, आणि दर पिढीत ते एक अक्षर हातचे निसटू द्यायचे नाही. उंदीरवालेही हेच करतात, पण उंदरीण वीस दिवसांत विते आणि मेंढीला पाच महिने लागतात.

आणि मेंढ्याच्या अंगावर त्या अक्षराची काहीच खूण नसते. तो स्वतः वीत नाही, त्याच्या लेकी वितात, तेव्हा कळायला दोन-अडीच वर्षे. इथे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कामाला आली. कानात बिल्ला असलेल्या कोकराचे थोडे रक्त काढायचे, त्यातून जनुकाचा १९० अक्षरजोड्यांचा तुकडा वाढवायचा आणि त्यावर एक विकर सोडायचे. बदललेले अक्षर असेल तर विकर तुकडा छाटून १६० चा करते, नसेल तर हात लावत नाही. जेलवर एक रेघ वर, एक खाली. दोन्ही दिसल्या तर जनावरात बदललेल्या जनुकाची एकच प्रत आहे. हे इतके साधे आहे की कौतुक करावे तेवढे थोडे. मेंढीत किती बीजे सुटली, हेही दुर्बिणीने पोटात पाहून मोजले गेले: एका प्रतीमागे साधारण एक बीज जास्त. बुरूलात या जनुकाने तिळी-चौळी सर्रास होत; दख्खनी अंगात त्याचा जोर मवाळ पडला, आणि ते धनगराच्या पथ्यावरच पडले. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने चाललेल्या या पैदाशीतून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली.

मात्र रक्तातले अक्षर धनगराच्या वाघरीत (जाळीच्या कोंडवाड्यात) आले की हिशेब बदलतो. दिवाळीनंतर कळप वाटेला लागतात. रोज नवे रान, रात्री कुणाच्या तरी शेतात बसणे. मेंढी वाटेत व्याली तर कोकरे घोड्यावर बांधून न्यायची. एकाच्या जागी दोन झाली की दोन्ही हलकी. आईचा चीक एकालाच पुरतो, दुसऱ्याला उचलून दुसरीच्या सडाला लावावे लागते. चाऱ्याच्या टंचाईत जुळे हे ओझेच. वरचा खुराक आणि लक्ष देणाऱ्या, एका जागी राहणाऱ्या कळपांना सुवर्णा सोयीची. फिरत्याला प्रत्येक वेताचा अंदाज घ्यावा लागतो.

बाजार तर वेगळीच भाषा बोलतो. सांगली जिल्ह्यात जतकडच्या माडग्याळी मेंढ्याची किंमत उंचीवर आणि पोपटासारख्या बाकदार नाकावर ठरते. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांपर्यंत मागणी आली आणि मालकाने तो विकला नाही, ही बातमी गाजली. नाक लांबून दिसते. अक्षर पाहायला रक्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते.

शिवाय बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा कळपात सोडला तर त्याच्या सगळ्या लेकींत एक-एक प्रत उतरते. पण तो म्हातारा झाला आणि जागी गावातला साधा मेंढा आला, की पुढच्या पिढीत निम्म्याच माद्यांत ती उरते, त्यापुढे त्याच्याही निम्म्यांत. चाचणीविना कोणती मादी ठेवायची आणि कोणती खाटकाला द्यायची, हे मेंढी दोन-तीनदा व्याल्याशिवाय ठरत नाही. आणि पैशांची गरज पडली की हाताशी असेल ती मेंढी विकली जाते.