नंबरामागे पाच रुपये

उन्हाळा लागला की आमच्या खामगावात गच्च्या भरतात. कुरडया, पापड, शेवया, सरगुंडे, खारोड्या... खाटेवर धुतलेलं जुनं लुगडं, त्यावर वाळवण, आणि सावलीत काठी घेऊन बसलेलं एखादं पोरगं, चिमण्या हाकायला! माझ्या लहानपणी हे सगळं घरापुरतं असायचं. आता पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकीसुनांना वाळवण हवं असतं, पण तिकडे ना गच्ची, ना वेळ. मग इकडच्या बायका करतात आणि तिकडच्या विकत घेतात. या दोघींची गाठ घालून देतो आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

मी त्याची अ‍ॅडमिन. सुरुवात भिशीतल्या १२ जणींपासून झाली. बघता बघता शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, घाटावरच्या चिखली-मेहकरपर्यंतच्या मिळून १८६ जणी झालो. विकणाऱ्या ३१, बाकी घेणाऱ्या. अक्षय्य तृतीयेच्या भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीतसुद्धा पेपरात यायच्या आधी आमच्या ग्रुपवर येतं!

पण मैत्रिणींनो, अ‍ॅडमिन होणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. कोणाची ऑर्डर कोणाला, पार्सल कुठल्या गाडीने गेलं, पैसे आले की नाही... रोजचे दोन-तीन तास जायचे. रिचार्ज माझा, वेळ माझा. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली. एक दिवस मनात आलं, या खटाटोपातून चार पैसे मिळाले तर काय वाईट? धीर करून ग्रुपवर लिहिलं, ‘प्रत्येकीने महिन्याला फक्त १० रुपये द्यावे.’

झालं! एरवी सकाळी सहापासून टणटण वाजणारा ग्रुप एकदम चिडीचूप. दोन दिवसांत नऊ जणी बाहेर पडल्या. एकीने तर शेजारणीजवळ म्हटलं, ‘काय बाई, दुकानच मांडून रायली हे!’ मी तो मेसेज पुसून टाकला.

याच सुमारास शहरातल्या एका दुकानाचा माणूस घरी आला. भांड्यांची हप्त्याची स्कीम होती त्याची. बोलायला मोठा गोड. ‘ताई, तुमच्या ग्रुपवर रोज दोन जाहिराती टाका, महिन्याचे दोन हजार देतो. आणि नंबरांची यादी दिली तर नंबरामागे पाच रुपये वेगळे.’ जाहिरातीचं विचारून सांगते म्हटलं. पण यादीत काय एवढं, असं वाटलं. नमुना म्हणून ४० नंबर लिहून दिले. २०० रुपये हातात पडले. त्या दिवशी मी मुलीसाठी कचोरी आणली होती, तेही अजून आठवतं.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. आधी स्कीमचे. मग ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, ओटीपी सांगा’वाले. ती यादी पुढे किती हातांत गेली कोण जाणे! एका मावशींनी ओटीपी सांगितलाच होता, नातवाने वेळेवर फोन हिसकला म्हणून वाचल्या. आणि मग जवळच्या एका खेड्यातली आमची खारोड्यावाली सून, तिशीही न गाठलेली, तिला रात्री अकराला अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. एकदा नाही, तीनदा. नवऱ्याने विचारलं, ‘हा कोण?’ ती काय सांगणार? तिचा फोन कपाटात गेला.

मला हे कळलं आठवड्याने, तिच्या जावेकडून. पुण्याच्या एका ताईंची १२ किलोची ऑर्डर तिच्या नावावर होती. मेसेजवर मेसेज केले, उत्तर नाही, म्हणून त्यांनी दुसरीकडून घेतली. त्या पैशांवर तिने पोराच्या चष्म्याचा हिशेब बांधला होता.

एसटीने त्या गावी गेले. ओसरीवर सासू सूप घेऊन बसली होती. पोटात गोळा आला होता, पण खरं ते सांगून टाकलं: नंबर मी दिला, पैसे घेऊन दिला, सुनेचा काही दोष नाही. म्हातारीने सूप खाली ठेवलं. म्हणाली, ‘नंबर म्हंजे घराचा दरवाजा व्हय माय. तू किल्ली पाच रुपयाले इकली.’

यावर मी काय बोलणार? सून आतून चहा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या रात्री मुलीला सगळं सांगितलं. ती कॉमर्सला आहे. म्हणाली, ‘आई, तुझी अडचण आणि त्या मोठ्या कंपन्यांची अडचण एकच आहे. माणसं जमवली, आता पैसे कोणाकडून घ्यायचे?’ मग ती एकेक सांगत गेली, मी वहीत लिहून घेत गेले. इथे त्यातलंच थोडं सांगते, कारण दिवसभर आपण ज्याच्यावर बोटं फिरवतो त्याचं पोट कशावर भरतं हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

पहिला रस्ता वर्गणीचा. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप निघालं ते याहू कंपनीत नोकरी केलेल्या दोघांनी काढलं. त्यांना जाहिरातींचा तिटकारा. म्हणून पहिलं वर्ष फुकट आणि पुढे वर्षाला एक डॉलर, असा हिशेब ठेवला होता. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०१६ मध्ये ती वर्गणी बंद झाली. कारण काय दिलं? अनेकांकडे पैसे भरायला कार्डच नाही, आणि वर्गणी भरली नाही तर आपली माणसं तुटतील अशी भीती त्यांना वाटते. वाचून मला माझे दहा रुपये आठवले! एवढी मोठी कंपनी जिथे अडली तिथे माझी काय कथा?

दुसरा रस्ता जाहिरातीचा. हा समजायला आपला आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. बाजारात आपण फुकट हिंडतो, पावती फाटते ती दुकान मांडणाऱ्याची. फेसबुकचंही तसंच. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीला २०२४ मध्ये सुमारे १६४ अब्ज डॉलर मिळाले, त्यातल्या दर १०० डॉलरमधले ९७ हून अधिक जाहिरातींचे. मात्र या बाजारात एक माणूस वही घेऊन दिवसभर आपल्या मागे मागे फिरत असतो. ही बाई बांगड्यांपाशी थांबली, हिने पैठणीला हात लावला, हिच्या कडेवर लेकरू आहे... सगळं टिपतो. ती वही आपण विकत नाही, असं कंपनी सांगते. वहीत पाहून कोणती जाहिरात कोणापुढे धरायची ते ठरवते आणि त्याचे पैसे घेते. मी मात्र वहीच उचलून देऊन टाकली होती!

पण वहीवरूनही भांडणं झालीच. २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी आणल्या, मान्य करा नाहीतर बघा, अशा थाटात. त्यावरून आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तिकडे युरोपात नोव्हेंबर २०२३ पासून कंपनीने लोकांपुढे पर्याय ठेवला: पैसे भरा आणि जाहिरातींशिवाय वापरा, नाहीतर आमची वही चालू द्या. हा काही खरा पर्याय झाला नाही, असं म्हणून युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये २० कोटी युरोंचा दंड लावला. म्हणजे वर्गणी आणि वही यांच्या मधला रस्ता अजून त्यांनाही धड सापडलेला नाही.

तिसरा रस्ता धंदेवाल्यांकडून घेण्याचा. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने धंद्यासाठी वेगळं अ‍ॅप काढलं. छोट्या दुकानदाराला ते फुकट. मोठ्या कंपन्या आपल्याला हजारोंनी मेसेज पाठवतात, त्याचे पैसे मात्र त्यांच्याकडून घेतले जातात. तुमचं पार्सल निघालं, तुमचा हप्ता आला, हे जे येतं ना, तेच. आणि ज्यांना जाहिरात नको होती त्यांच्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे स्टेटस बघतो त्या बाजूला, जाहिराती आणायचं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. आपल्या आपसातल्या गप्पांमध्ये त्या नाहीत, एवढं खरं.

चौथा रस्ता वाटणीचा. यूट्यूबवर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं झालं की व्हिडिओवर लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के करणाऱ्याला मिळू शकतात. मधुरा बाचल यांच्या मराठी पाककृती आपण कितीतरी वर्षं बघतो. अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या सुमन धामणे आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ चॅनेल सुरू केलं आणि चुलीपुढची आजी घराघरांत पोचली. हे मला सगळ्यांत आवडलं. कष्ट करणारीच्या पदरात काहीतरी पडतं! पण त्यातही मेख आहे. जागा दुसऱ्याची. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणींनी जमवलेली माणसं एका रात्रीत गेली. ऑर्कुट आठवतं का? २००४ ला आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड थाटलं की हे असंच व्हायचं.

आणि पाचवा रस्ता विक्रीचा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने ओळखलं, की बायकांच्या ओळखी म्हणजेच बाजार. साडीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, मूळ किमतीवर आपला नफा लावायचा, ऑर्डर आली की माल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी. दुकान नाही, भांडवल नाही. पुढे कंपनीने विकणाऱ्यांकडून कमिशन घेणं सोडलं आणि माल वर दिसावा म्हणून ते ज्या जाहिराती देतात त्यांवर कमाई धरली. फिरून पुन्हा जाहिरातीच!

वही भरली. मुलगी झोपली. मी विचार करत बसले. या पाचही रस्त्यांमध्ये विकलं जातं ते एकच, माणसांचा एकमेकांवरचा विश्वास. ‘हिने सांगितलं ना, मग चांगलंच असेल,’ हे जे आपण म्हणतो, त्याचेच पैसे होतात. ते पैसे कमावण्यात गैर काही नाही, पण ज्यांचा विश्वास आहे त्यांना विचारून. मी न विचारता कमावले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळं लिहिलं. ४० जणींची नावं न घेता, पण माझं नाव घेऊन. पुसून टाकायचा मोह या वेळीही झाला, पण पुसलं नाही. त्या दुकानाच्या माणसाला २०० रुपये परत केले आणि जाहिरातीलाही नाही म्हटलं. त्याने पैसे घेतले. गेलेले नंबर काही परत येणार नव्हते.

मग आम्ही, यायला जमलं तितक्या २०-२२ जणी, माझ्याच गच्चीवर बसलो. खूप खल झाला. एक म्हणे, ‘जाहिरात घ्याच कायले?’ दुसरी म्हणे, ‘मंग ताईनं फुकटात किती दिस मरावं?’ शेवटी बाजाराचा नियमच पटला. घेणाऱ्यांना सगळं फुकट. विकणाऱ्या ३१ जणी महिन्याला ३० रुपये देतील, तेही ज्या महिन्यात माल विकला त्याच महिन्यात. बाहेरच्याची जाहिरात फक्त रविवारी, तीही आपल्यातल्या कोणीतरी तो माल वापरून पाहिला असेल तरच, आणि त्याचे पैसे किती आले ते ग्रुपवर जाहीर. नंबर कोणालाही द्यायचा नाही. नवी बाई घ्यायची तर ग्रुपमधल्या एकीची ओळख हवी.

भर हंगामात ९३० रुपये जमतात. माझा रिचार्ज सुटतो, थोडा वेळेचा मोबदला होतो, आणि राहिलेल्यातून या वर्षी सगळ्यांसाठी वजनकाटा घेतला. मुलीची फी यातून निघत नाही, ती शिवणकामातूनच निघते. पण बाहेर पडलेल्या नऊपैकी सहा जणी परत आल्यात.

आणि ती खारोड्यावाली? तिला फोन मिळाला, नव्या सिमकार्डासह, तीन आठवड्यांनी. नवऱ्याची समजूत सासूनेच घातली म्हणे. १२ किलोची ऑर्डर गेली ती गेलीच. आता तिचा माल जातो, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ‘ताई, पाच किलो तयार आहे,’ बस. मी वाट पाहते आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी कुठल्या ना कुठल्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन असाल. बचत गटाचा, भजनी मंडळाचा, शाळेतल्या आयांचा. आज ना उद्या तुमच्याही दारात कोणी गोड बोलणारा येईल. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे ग्रुपवर एकदा सांगून ठेवा. आणि तुमच्याकडे कोणी यादी मागितली, तर आधी त्या यादीतल्या एकेकीचं दार डोळ्यांपुढे आणा. रात्री अकराला तिथे कोण कडी वाजवणार आहे, याचा विचार करा. मी केला नव्हता.