खरी लढाई आणि पडद्यावरची लढाई

खऱ्या लढाईवरील चित्रपटात इतिहास कोठे संपतो आणि नाट्य कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला सहसा कळत नाही. 'बॉर्डर' (१९९७) हे त्याचे ठळक उदाहरण. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाडे रोखून धरले. उजाडताच आलेल्या हंटर विमानांनी त्यांचा फडशा पाडला. चित्रपटाचा हा गाभा खरा आहे. परंतु त्यात हुतात्मा झालेले दाखविलेले भैरोंसिंग राठोड प्रत्यक्षात पुढे ५१ वर्षे जगले. त्यांचे निधन २०२२ साली झाले. मरणाशिवाय शौर्य आपल्याला पटत नाही काय? आपल्या नगरच्या संग्रहालयातील रणगाड्यांसमोर उभे राहिले, की अशा धुडांपुढे रात्रभर टिकणे म्हणजे काय ते उमगते. वास्तवच एवढे मोठे असताना त्याला खोट्या मरणाची जोड कशाला?