बाद फेरी, रणजी, 2017-18

विदर्भाचं पहिलं विजेतेपद

उपांत्यपूर्व फेरी : सुरत. केरळवर 412 धावांनी विजय.

उपांत्य फेरी : ईडन गार्डन्स, कोलकाता. खरी कसोटी इथेच लागली. कर्नाटकला हव्या होत्या 198 धावा, सगळे बाद 192. विजय अवघ्या 5 धावांनी. रजनीश गुरबानीचे सामन्यात 12 बळी.

अंतिम सामना : होळकर स्टेडियम, इंदूर, 29 डिसेंबर 2017 ते 1 जानेवारी 2018. दिल्ली 295 आणि 280, विदर्भ 547 आणि 1 बाद 32. विजय 9 गड्यांनी. गुरबानीची हॅटट्रिक, तिघेही त्रिफळाचीत. त्यात 145 वर खेळणारा ध्रुव शोरीही होता. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 मधली. अक्षय वाडकर 133. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

वऱ्हाडचा वाटा : अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे (राजकारणातले ते नव्हेत!). वय 19. प्रथम श्रेणीतलं पदार्पण थेट अंतिम सामन्यात.

फुटबॉलशी फरक : युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये अंतिम सामना सोडला तर बाद फेरीची प्रत्येक लढत दोन सामन्यांची, एक घरी, एक बाहेर. त्या हंगामात बरोबरी झाल्यास बाहेरच्या मैदानावरचे गोल निर्णायक ठरत. हा नियम 2021 मध्ये रद्द झाला. रणजीत एकच सामना. तो अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी पाहतात. विदर्भाचं तिसरं विजेतेपद (2024-25) असंच आलं : नागपुरात केरळवर 37 धावांची आघाडी. दुसरं 2018-19 चं, सौराष्ट्रविरुद्ध.