व्याजाचा दर ५०० टक्के!

१६ सप्टेंबर १९९२ रोजी स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने, रिक्सबँकेने, बँकांना द्यायच्या अल्प मुदतीच्या कर्जाचा दर वर्षाला ५०० टक्के केला. हा मुद्रणदोष नव्हे.

क्रोना या आपल्या चलनाचा दर स्वीडनने इतर युरोपीय चलनांशी बांधून ठेवला होता. तो उतरणार अशी कुणकुण लागताच सटोडिये क्रोना उसना घेऊन जर्मन मार्क घेऊ लागले. समजा, आठवड्यात मार्क १० टक्क्यांनी महागणार आहे. वार्षिक २० टक्क्यांनी आठवड्याचे व्याज होते अवघे ०.४ टक्के. मग कोण थांबेल? ५०० टक्क्यांनी ते होते ५०० भागिले ५२, म्हणजे सुमारे ९.६ टक्के. तरीही किंचित नफा उरतोच! (वर्गात फळ्यावर करण्याजोगे गणित आहे.)

इकडे देशात मंदी होती आणि हवे होते स्वस्त कर्ज. भांडवलाला मोकळी वाट, चलनाचा पक्का दर आणि आपल्या मर्जीचा व्याजदर या तिन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत, हे रॉबर्ट मंडेल व मार्कस फ्लेमिंग यांच्या १९६० नंतरच्या संशोधनातून दिसले होते. १९ नोव्हेंबरला स्वीडनने पक्का दर सोडला. क्रोना घसरला, आयात महागली. आता भाववाढीला वेसण कशाची? जानेवारी १९९३ मध्ये रिक्सबँकेने २ टक्के भाववाढीचे लक्ष्य जाहीर केले. ते १९९५ पासून लागू झाले. दरम्यान मंदीमुळे दुकानदारांना आयातीचा सारा बोजा गिऱ्हाइकांवर टाकता आला नाही आणि भाववाढ फारशी भडकली नाही.