गुहेतील चित्रे आणि प्रवाशांचा श्वास

एखादे रमणीय स्थळ किती माणसांची वर्दळ सोसू शकेल? प्रश्न वरवर साधा दिसतो; पण त्याचे उत्तर केवळ रसिकतेने देता येत नाही. त्यासाठी मोजमाप करावे लागते. शाश्वत पर्यटन हा विषय आज विद्यापीठांतून अभ्यासिला जातो आणि शासनसंस्था त्यातील तज्ज्ञांचा सल्ला घेतात, तो याचसाठी. या शास्त्राचे सामर्थ्य कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे येते, हे स्पेनमधील आल्तामिरा गुहेच्या इतिहासावरून चांगले उमगते.

उत्तर स्पेनमधील या गुहेच्या छतावर अश्मयुगीन मानवाने रानगव्यांची रंगीत चित्रे काढली आहेत. १८७९ साली साउतुओला नावाच्या संशोधकाच्या लहानग्या मुलीची नजर त्यांवर प्रथम गेली. पुढे त्यांची कीर्ती पसरली आणि १९७० नंतर वर्षाला दीड लाखाहून अधिक प्रवासी तेथे येऊ लागले.

हजारो वर्षे टिकलेल्या चित्रांना या कौतुकानेच अपाय होऊ लागला. प्रत्येक माणसाच्या अंगाची ऊब गुहेचे उष्णतामान वाढविते. श्वासातून बाष्प व कार्बन डायॉक्साइड वायू बाहेर पडतो. भिंतीवरील ओलाव्यात हा वायू विरघळला की सौम्य आम्ल तयार होते व ते चुनखडीचा दगड हळूहळू झिजविते. अखेर १९७७ साली गुहा बंद करावी लागली.

संशोधकांनी मग आतील हवेचा हिशेब मांडला. त्यांच्या सल्ल्याने वर्षाला सुमारे ८,५०० प्रवाशांची मर्यादा घालून १९८२ साली गुहा पुन्हा उघडली. स्थळाला अपाय न होता जेवढी माणसे तेथे येऊ शकतात, तेवढी त्याची ‘धारणक्षमता’. परंतु चित्रांवर हिरवे सूक्ष्म जीव वाढू लागले; दिव्यांचा प्रकाश त्यांना पोषक ठरत होता. २००२ साली दार पुन्हा मिटले. हवेच्या हिशेबात बसलेली संख्या सूक्ष्म जीवांच्या हिशेबात बसली नव्हती.

प्रवाशांची निराशा होऊ नये म्हणून शेजारीच गुहेची हुबेहूब प्रतिकृती २००१ साली खुली झाली होती. तरीही मूळ गुहा उघडावी, अशी मागणी होत राहिली; त्या प्रदेशाच्या उत्पन्नाचा प्रश्न तिच्याशी निगडित होता. २०१० साली स्पेनच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी ती बंदच ठेवावी, असे स्पष्ट बजावले. तथापि व्यवस्थापक मंडळाचा कल उघडण्याकडे होता. पुढे नव्या अभ्यासाचा भाग म्हणून २०१४ साली आठवड्याला अवघ्या ५ जणांना, चिठ्ठ्या टाकून, विशेष पोशाखात आत सोडण्यात आले.

या वादाचा बोध महत्त्वाचा आहे. धोका किती, हे संशोधक सांगू शकतो. तो पत्करावा की नाही, हे समाजाने ठरवावयाचे असते. मात्र सल्ला मागणाऱ्याला न रुचणारे उत्तरही देण्याचे धैर्य सल्लागाराने दाखविले नाही, तर समाजाचा निर्णय अंधारातच होतो.

अजिंठ्याला जाणाऱ्या प्रवाशाची मोटार लेण्यांपासून दूर, फर्दापूरच्या तिठ्यावर थांबविली जाते आणि चित्रांसमोर झगमगता प्रकाश पाडून छायाचित्र घेण्यास मनाई केली जाते. क्षणभर ही अडचण वाटते. परंतु पुढच्या पिढ्यांनाही तीच चित्रे पाहता यावीत, म्हणून आजच्या पाहुण्याने दिलेले ते अल्पसे मोल आहे.