परदेशी कन्सोल, थळच्या मुक्कामी

निन्टेन्डोचं स्विच हे हातात धरून खेळायचं यंत्र ३ मार्च २०१७ रोजी जपान, अमेरिका आणि युरोपात एकाच दिवशी विक्रीला आलं. भारतात कंपनीने ते स्वतःहून कधी आणलंच नाही, पण मिळतं मात्र सर्रास. हाजी अलीच्या हिरा-पन्नात, ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर ते काचेमागे मांडलेलं असतं आणि थळच्या माणसाला तिथवर पोचायला मांडव्याची बोट पुरते. शिवाय जहाजावर नोकरीला असलेला कुणी पुतण्या, आखातात राहणारा कुणी मेव्हणा हा या किनाऱ्यावरच्या घरांतला जुना पुरवठा-मार्ग आहेच. असं यंत्र घ्यावं की नाही याची चर्चा नेहमी दोन गोष्टींवर येऊन अडते: किंमत आणि वॉरंटी. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. पैसे मोजून घरी आणलेलं यंत्र ते बनवणाऱ्याच्या मदतीशिवाय किती वर्षं चालेल, हा पहिला प्रश्न. त्या कसोटीवर बाहेरून आलेलं, बिनवॉरंटीचं, कार्ड घालून चालणारं जुनं कन्सोल थळसारख्या गावात हातातल्या मोबाइलपेक्षा आणि नव्याकोऱ्या कन्सोलपेक्षाही भरवशाचं ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

थळसारख्या गावात असं म्हणायला कारण आहे. खांदेरी-उंदेरीच्या समोरचं हे अलिबाग तालुक्यातलं गाव एका बाजूला कोळीवाड्याचं आणि दुसऱ्या बाजूला १९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आरसीएफच्या खत कारखान्याचं. मुंबई समोर दिसते, पण पावसाळ्यात ती लांब जाते. गेटवे ते मांडवा चालणाऱ्या लहान बोटी पावसाळ्याच्या तोंडावर बंद होतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो मार्च २०२० पासून सुरू झाली तेवढाच दिलासा, बाकी वडखळमार्गे वळसा. मासेमारीची बंदी १ जूनपासून लागते, होड्या वर ओढल्या जातात, जाळी विणणं-सांधणं सुरू होतं आणि घरातल्या पोरांपुढे दोन महिने पसरलेले असतात. नेमके हेच महिने वीज आणि नेटवर्कच्या लहरीचे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत वीज यायला दिवसच्या दिवस लागले. बॅटरी उतरल्यावर कन्सोलही बंदच पडतं, हे कबूल. पण गावात कुणाकडे इन्व्हर्टर असतो, कुणाच्या गाडीत चार्जर असतो; वीज अशी उसनी मिळू शकते. सर्व्हर मिळत नाही.

हातातल्या गेमयंत्राचा जन्मच मुळी स्वयंपूर्णतेच्या हट्टातून झाला. निन्टेन्डोत गुनपेई योकोई नावाचे एक अभियंते होते. १९८० साली त्यांनी ‘गेम अँड वॉच’ काढलं, तेव्हा कॅल्क्युलेटरच्या पडद्यांचा जपानमध्ये सुकाळ होता आणि ते स्वस्त झाले होते. नवीन तंत्रामागे धावण्यापेक्षा मुरलेलं, स्वस्त, सगळे गुणदोष माहीत झालेलं तंत्र अनपेक्षित कामाला लावायचं, हे त्यांचं सूत्र. २१ एप्रिल १९८९ला जपानमध्ये आलेला गेम बॉय हा त्या सूत्राचा कळस. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागे दिवा नाही; पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून अधिक चालायचा. त्याच सुमाराला अटारीचं लिंक्स आणि पाठोपाठ सेगाचं गेम गिअर रंगीत पडदे घेऊन आले. दोघांनाही सहा-सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. बाजाराने कुणाला उचललं ते सर्वांना माहीत आहे: गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून जवळजवळ १२ कोटी नग खपले. आपल्याकडे बहुतेकांना ही जात ओळखीची झाली ती मात्र गेम बॉयमुळे नव्हे, तर जत्रेत आणि स्टेशनाबाहेर मिळणाऱ्या ‘९९९९ इन १’ असं छापलेल्या चिनी ब्रिक गेममुळे. अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ साली मॉस्कोत रचलेल्या टेट्रिसचीच ती नक्कल, आणि त्या ९९९९ खेळांपैकी बहुतेक म्हणजे तोच खेळ कमी-जास्त वेगाने. तरी सेल घातले की चालायचा, वर्षानुवर्षं चालायचा.

स्विचही त्याच घराण्यातलं. त्याच्या पोटातली एनव्हिडियाची टेग्रा एक्स-१ ही चिप २०१५ सालची, म्हणजे यंत्र बाजारात आलं तेव्हाच दोन वर्षं जुनी. समीक्षकांनी नाकं मुरडली. पण यंत्राचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले, आणि त्याच्या यशातलं एक कारण थळच्या दृष्टीने फार मोलाचं आहे: खेळ नखाएवढ्या कार्डावर येतो, कार्ड खाचेत सरकवलं की सुरू होतो. काही खेळांना नंतरच्या दुरुस्त्या उतरवून घ्याव्या लागतात, काहींचा अर्धा भाग डाउनलोड करावा लागतो, पण बहुसंख्य खेळांत जे कार्डावर आहे ते आहे. (त्या कार्डाला लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडवट लेप दिलेला असतो. शंका असणाऱ्यांनी जिभेने खात्री करून घेऊ नये.) आधीच्या ३डीएस या यंत्राला देशागणिक कुलूप होतं, जपानी यंत्रावर अमेरिकी खेळ चालत नसे. स्विचला ते नाही. दुबईचं यंत्र, सिंगापूरचं कार्ड, अलिबागची वीज, सगळं जुळतं. चार्जरही १०० ते २४० व्होल्ट घेणारा आहे, फक्त आपल्या सॉकेटसाठी कन्व्हर्टर पिन लागते.

यावर पहिला आक्षेप असा की मोबाइल खिशात असताना वेगळ्या यंत्राची चैन कशाला? फोनवर खेळ फुकट मिळतात. मिळतात, पण कुणाच्या मर्जीवर, ते पाहावं. २ सप्टेंबर २०२०ला केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. २०२१च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने भारतात आला, २०२२च्या जुलैत दुकानांतून पुन्हा गायब झाला आणि २०२३च्या मे महिन्यात पुन्हा अवतरला. बंदी योग्य की अयोग्य हा इथे मुद्दा नाही. पोरांनी खेळातल्या कपड्यांवर, बंदुकींच्या रंगांवर जे पैसे घातले त्यांचा मालक कोण, हा आहे. फुकट खेळाचा धंदा थांबू न देण्यावर चालतो. अधूनमधून जाहिरात, अधूनमधून ‘एवढे रुपये भरा’. कार्डावरच्या खेळाचे पैसे एकदाच आणि आधीच जातात, त्यामुळे खेळ संपला की संपतो. तो मित्राला देता येतो, अदलाबदल करता येतो, विकताही येतो. गावात चार पोरांकडे चार कार्डं असली तर सोळा वेळा खरेदी झाल्यासारखं होतं, हा हिशेब कुठल्याच ॲपमध्ये बसत नाही. मुलं खेळात अडकतात ही तक्रार कन्सोललाही लागू आहे आणि ती खोटी नाही. फक्त इथे घरच्यांच्या हातात कार्ड काढून कपाटात ठेवण्याचा उपाय तरी उरतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि रायगडच्या किनाऱ्यावर तो हसण्यावारी नेता येत नाही. दुबईहून आलेली घड्याळं, सोनं, कापड रात्री किनाऱ्याला लागायचं तो काळ, आणि त्याचं १९९३मधलं भीषण टोक, म्हणजे मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलेली स्फोटकं, हा इथल्या स्मरणाचा भाग आहे. तेव्हाचा ‘फॉरेनचा माल’ चोरटा असायचं कारण आयातीवरच बंधनं होती. ग्राहकवस्तूंवरची ती संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ला उठली. आज कन्सोल आणणं गुन्हा नाही, शुल्क चुकवणं गुन्हा आहे. २०१६च्या बॅगेज नियमांनी परदेशातून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला साधारणपणे ५० हजारांपर्यंतच्या वस्तूंना सूट दिली होती. पण त्याच नियमांत एक मेख होती आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या गावांना ती ठाऊक असायला हवी: करार चालू असताना बंदरात उतरणाऱ्या खलाशाला फक्त १,५०० रुपयांपर्यंतच्या किरकोळ भेटवस्तूंची मुभा, पूर्ण सूट करार संपवून कायमचं उतरताना. म्हणजे पुतण्याने मधल्या फेरीत आणलेला स्विच आणि घरी परतताना आणलेला स्विच यांत कस्टमच्या लेखी फार अंतर आहे. दुकानातून घेताना तर पक्कं बिल मागावंच. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी कच्च्या कागदावर घेतलेलं यंत्र पुढे चोरीचं निघालं, तर बोलायला तोंड राहत नाही.

वॉरंटीचा आक्षेप मात्र सगळ्यात जास्त मांडला जातो, म्हणून तो नीट तपासू. निन्टेन्डोची भारतात अधिकृत दुरुस्ती यंत्रणा नाही. दुकानदार देतो ती त्याची स्वतःची हमी. खरं आहे. पण थळमध्ये या यंत्राचा शत्रू कोण? खारा वारा, दमटपणा आणि वाळू. यांनी झालेलं नुकसान कुठलीच कंपनी सहसा वॉरंटीत धरत नाही. आणि स्विचची सर्वांत बदनाम खोड, म्हणजे अंगठ्याची काडी सोडल्यावरही पडद्यावरचं पात्र आपोआप सरकत राहणं, ही मुळात झिजेची आहे. काडीच्या खाली कार्बनचा पातळ थर असलेल्या पट्ट्या असतात, त्यांवर बारीक धातूचे स्पर्शक घासतात. थर झिजला, धूळ बसली की यंत्राला वाटतं काडी अजून ढकललेलीच आहे. मुंबईतल्या फ्लॅटमध्येही हे होतं, किनाऱ्यावर लवकर होण्याची भीती. यावर उपाय गावपातळीवर होण्यासारखा आहे. तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा छोटा ड्रायव्हर घ्यायचा, बाजूचा कंट्रोलर उघडायचा, बॅटरी आधी सुटी करायची, पट्टीसारखी चपटी वायर कुलपाचा आकडा उचलून बाहेर काढायची आणि नवीन काडी बसवायची. बदलीच्या काड्यांत हल्ली चुंबकावर चालणाऱ्या मिळतात, त्यांत घासायला काही नसल्यामुळे झीजच नाही. मोबाइल उघडणारा कुठलाही कारागीर हे करू शकतो. म्हणूनच स्विच लाइट हा २०१९चा स्वस्त भाऊ मी इथे सुचवणार नाही. त्याच्या काड्या यंत्रातच गाडलेल्या आहेत, एक बिघडली की सगळं यंत्र फाडावं लागतं.

जुना स्विच घेताना पाठीमागचा मॉडेल क्रमांकही वाचावा. नुसतं एचएसी-००१ असेल तर तो सुरुवातीचा, कंपनीच्याच म्हणण्यानुसार अडीच ते साडेसहा तास चालणारा. त्यापुढे कंसात ०१ असेल तर २०१९नंतरचा, साडेचार ते नऊ तासांचा. दुकानदार दोन्ही ‘सेमच आहे’ म्हणून देतात. सेम नाहीत.

आता ज्या धोक्याबद्दल काउंटरवर कुणी बोलत नाही, त्याकडे येतो. ५ जून २०२५ला स्विच २ आलं. जपानमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या: ४९,९८० येनची फक्त जपानी भाषेची आणि ६९,९८० येनची बहुभाषी. स्वस्त आवृत्ती जपानमध्ये नोंदवलेल्या खात्याशीच जोडली जाते. जपानहून येणाऱ्या भाच्याने कौतुकाने तीच उचलली तर इथे ती जपानी शिकण्याचं साधन म्हणूनच उरेल. त्याहून गंभीर म्हणजे या यंत्राच्या काही खेळांचं कार्ड आतून रिकामं असतं. त्यात खेळ नसतो, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा घातल्यावर सगळा खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवावा लागतो, आणि नंतरही खेळायला कार्ड आत लागतंच. दोन्हीकडचे तोटे एकत्र. सर्व्हर कायमचे नसतात, याचा पुरावा निन्टेन्डोनेच दिला आहे: ३डीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला नव्या खरेदीला बंद झालं, ऑनलाइन खेळणं ८ एप्रिल २०२४ला. ज्यांच्याकडे कार्डं होती त्यांचे खेळ आजही चालतात.

कुणी म्हणेल, ही जुनाट माणसाची कुरकुर आहे. फायबर थळपर्यंत आलंय, दहा-वीस जीबी उतरवायला कितीसा वेळ लागतो? वेळाचा प्रश्न नाही. भारतासाठी निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकानच नाही, खातं दुसऱ्या देशाच्या नावाने उघडायचं आणि आपलं बँक कार्ड तिथे चालत नाही म्हणून कुठून तरी प्रीपेड कोड विकत आणायचे, हा खटाटोप फायबरने सुटत नाही. अशा खात्यावर जमवलेली लायब्ररी हक्काची नसते, सहन केलेली असते. उद्या नियम बदलला तर दाद मागायला इथे कार्यालयही नाही. मराठी सोडाच, यंत्राच्या भाषांच्या यादीत हिंदीसुद्धा नाही, यावरून कंपनीच्या नकाशात आपण कुठे आहोत ते कळतं. पुढेमागे निन्टेन्डो भारतात रीतसर आलं, दुरुस्ती केंद्रं आणि रुपयांत चालणारं दुकान घेऊन आलं, तर या लेखातली निम्मी तक्रार मी मागे घेईन. पण रिकाम्या कार्डाची नाही.

तोवर थळच्या घरासाठी हिशेब असा: २०१९नंतरचा साधा स्विच किंवा २०२१चा ओएलईडी, पक्क्या बिलावर. खेळ कार्डावरचेच, आणि वेष्टनावर डाउनलोडची सूचना किती मोठी आहे ते पाहून घेतलेले. वापर नसेल तेव्हा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह. पावसाळ्यात बाहेरून दमट हातांनी आल्या आल्या चार्जिंगला लावायचा नाही. आणि ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या, शाळा जोरात सुरू झाली, यंत्र कपाटात गेलं, तरी दिवाळीपर्यंत एकदा काढून पूर्ण चार्ज करायचा. सहा महिन्यांहून जास्त तशीच पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज न होण्याची शक्यता असते, आणि तिच्या बदल्यात नवी मिळवायला पुन्हा लॅमिंग्टन रोडच गाठावा लागतो.